कानगुले सरांच्या अमावास्या

"मॅडम, आपल्या भागात सस्पेन्स होतच न्हाई. लिहायला घेतला की दोन पानांत फुस्स," असं व्यंकट कानगुले सर मला म्हणाले, तेव्हा मी अहमदपूरच्या त्या शाळेत नवी होते आणि स्टाफरूममध्ये सहावीच्या विज्ञानाच्या वह्या तपासत होते. का होत नाही, असं मी विचारलं. एवढं निमित्त त्यांना पुरलं. "माणूस गुन्हा करून पळणार कुठं? चाकूरला गेला तर तिथं मेव्हणा. उदगीरला गेला तर मावशी. नांदेडला बस बदलायला उतरला तर कुणीतरी पाठीत थाप मारून इचारतंय, काय पाव्हणं, इकडं कुठं? आन चहाला घेऊन जातंय. गुन्हेगाराला चहा पाजला की संपली कादंबरी."

म्हणून त्यांनी समुद्र निवडला होता. समुद्रावर पाहुणे नसतात.

समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. अख्खी नोकरी भूगोल शिकवण्यात गेली, पण लातूर ओलांडून पश्चिमेला जायचा योग आला नाही. भरती-ओहोटीचा धडा मात्र त्यांच्यासारखा कुणी शिकवला नसेल. एका मुलीला चंद्र म्हणून टेबलावर उभं करायचे आणि बाकीच्या वर्गाला बाकांसकट तिच्याकडे सरकवायचे. मग चंद्र दुसऱ्या भिंतीकडे जायचा की सगळा वर्ग तिकडे. शेजारच्या खोलीत माझा तास असला की फळा हलायचा आणि माझी पोरं म्हणायची, "मॅडम, भरती आली."

सर उंच होते, थोडे वाकलेले. राखाडी सफारी, खिशाला तीन पेन, त्यातलं एकच चालणारं. वैशाखातसुद्धा कानाला मफलर. "वारा लागतोय" म्हणायचे. कादंबरी सुरू झाल्यापासून हा वारा त्यांच्या बोलण्यातही शिरला होता. तपासणी येणार म्हटलं, बदल्या होणार म्हटलं, तरी त्यांचं एकच उत्तर: "बघू, वारा पडू द्या." त्यांच्या मंडळी सुशीलाबाई एकदा शाळेत आल्या तेव्हा मला म्हणाल्या, "मिक्सर दुरुस्तीला टाकायचाय हो. पर यांचा वारा काही पडंना."

कादंबरीची गोष्ट सोपी होती. कोकणात कुठंतरी रघू नाखवा नावाचा माणूस. स्वतःच्या मालकीची एक मासेमारीची नाव. मासा मिळेना, इंजिन चालेना. अशात काळा चष्मा घातलेला एक माणूस येतो आणि म्हणतो, अमावास्येला नाव घेऊन बाहेर जा, मोठ्या जहाजावरून खोकी उतरवून आण, तुझं भलं होईल. रघू जातो की नाही, हा सस्पेन्स. परीक्षेत उरलेल्या पुरवण्या दोऱ्यानं शिवून सर त्यांवर लिहायचे. पुरवणीवर 'विषय' असं छापलेलं असे, तिथं न चुकता 'समुद्र' असं भरायचे.

लाटांचा आवाज कसा असतो हे कळावं म्हणून त्यांनी शाळेची सहल मुद्दाम इस्लापूरला, सहस्रकुंडाच्या धबधब्यावर नेली. पोरं भजी खात होती आणि सर कठड्याशी डोळे मिटून उभे. तुषारांनी सफारी अंगाला चिकटली, मफलर पिळायची वेळ आली, तरी हलेनात. परतीच्या वाटेवर बसमध्येच त्यांनी पान भरलं आणि मला वाचायला दिलं. पहिलंच वाक्य होतं: 'समुद्र वरून खाली कोसळत होता.' मी म्हटलं, सर, समुद्र वरून खाली कोसळत नाही. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पण ऐकायला तसाच यायचा की." त्यांनी ते वाक्य काढलं नाही.

दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की सर मोंढ्यातल्या एका हॉटेलात जायचे. मोंढा म्हणजे आमच्याकडचं धान्याचं मार्केट. तिथं हमाल, टेंपोवाले आणि एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर शेखमामू यांच्यापुढे नवं प्रकरण वाचून दाखवायचे. मीही दोन-चारदा गेले, शेंगदाण्याची पुडी घेऊन कोपऱ्यात बसले. असे श्रोते कुठल्याही लेखकाला मिळणार नाहीत. सौंदर्याबिंदर्याच्या भानगडीत कुणी पडायचं नाही. रघूचं इंजिन बंद पडलं की चारजण एकदम "डिझेलात पाणी गेलंय" म्हणून उठायचे. समुद्रात डिझेलात पाणी जाणारच, यावर एकमत व्हायचं. शेखमामूंना एकच काळजी: "सर, सब ठीक है, पण बोटीला रिव्हर्स कसा घेतात? मागं कोन उभारतंय, आन दो, आन दो करायला?" सरांनी पुढच्या प्रकरणात नावेच्या मागे उभा राहणारा एक माणूस घातला. तो कशावर उभा होता, ते लिहायचं राहून गेलं.

हळूहळू नाव पार आमच्या भागातली झाली. रघू तिला संध्याकाळी खुंट्याला बांधायचा. सकाळी तिच्या अंगावरून हात फिरवायचा. उन्हाचं तिला सावलीत घ्यायचा. सर शेतकऱ्याच्या घरातले. मालकाच्या जिवावर जगणारी आणि मालकाला जगवणारी वस्तू म्हणजे बैल, एवढंच त्यांना माहीत होतं. मग ती पाण्यावर चालते की जमिनीवर, हा तपशील.

आणि मग ती घोडचूक झाली. काळ्या चष्मेवाल्यानं रघूला श्रावणातल्या अमावास्येचा वायदा दिला, कारण अमावास्येला अंधार असतो. सर लिहीत गेले आणि मध्येच त्यांच्या लक्षात आलं, की श्रावणातली अमावास्या म्हणजे पोळा. त्या शनिवारी मोंढ्यात त्यांनी वाचलं, की आदल्या संध्याकाळी रघूनं नावेची खांदमळणी केली. दोन्ही अंगांना तूप-हळद चोळली आणि तिच्या कानाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, वाकून म्हणाला, आज आवतन घे, उद्या जेवायला ये. दुसऱ्या दिवशी तिला धुतलं, झूल घातली, पुरणपोळी चारली. आणि चष्मेवाला आला तेव्हा रघूनं सांगितलं, "आज न्हाई. आज तिच्या खांद्यावर जू ठेवायचं नसतंय."

हॉटेलात कुणी हसलं नाही. मी सोडून. एक म्हातारा हमाल डोळे पुसत म्हणाला, "बराबर हाय. वरीसभर राबती बिचारी."

पहिली पाच प्रकरणं सरांनी पुण्याच्या एका प्रकाशकांना पाठवली होती आणि त्यांना ती चक्क आवडली होती. पोळ्याचं प्रकरण गेल्यावर त्यांचा स्टाफरूममध्ये फोन आला. सर फोन स्पीकरवरच घ्यायचे, कारण मफलरमधून ऐकू येत नसे. प्रकाशक म्हणाले, "सर, कोळी लोक नारळी पौर्णिमा करतात. नावेला पोळा नसतो." सरांनी अतिशय मनापासून विचारलं, "मग तिला सुट्टी कधी देता तुम्ही लोक?"

हे सगळं हसण्यावारी जात होतं, तोवर एक दिवस मधल्या सुट्टीत माधव शाळेत आला. हा मोंढ्यातला टेंपोवाला. वाचन चालू असताना हा कधीच काही विचारायचा नाही, फक्त पान उलटलं की मान वर करायचा. स्टाफरूमच्या दारात चपला काढून तो आत आला आणि म्हणाला, "सर, रघू गेला न्हाई, मनून मीबी न्हाई गेलो."

"कुठं?" सरांनी विचारलं.

मग कळलं. देगलूरच्या पुढं, राज्याच्या सीमेवरून बंदी असलेल्या गुटख्याची खोकी आणायची, असं माधवलाही एका माणसानं सांगितलं होतं. टेंपोला भाडं मिळेना, महिनोन्‌महिने गाडी मोंढ्यात उभी. माणसानं वायदा दिला होता पोळ्याच्या अमावास्येचा. माधवनं टेंपोला हळद लावली, मारुतीच्या देवळापुढं बैलांच्या ओळीत उभा केला आणि फोन बंद करून घरी झोपला.

"आता त्यो पुढच्या अवसेला बोलावून राहिलाय," माधव म्हणाला. "रघूचं काय ठरलंय, तेवढं आदुगर सांगा."

सरांचा चेहरा मी विसरणार नाही. इतकी वर्षं पोरांना शिकवलं, त्यातल्या कुणी त्यांचं ऐकलं असेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. ते घाईघाईनं म्हणाले, "अरे बाबा, तू सरळ नको म्हण की!"

"मनतो की. पर मग खायाचं काय, ते रघूला इचारून लिहा."

रघू नाही म्हणाला तर पुढं कसा जगला हे लिहावं लागणार, आणि ते सरांना माहीत नव्हतं. रघू गेला तर माधव जाणार. आणि रघू गेलाच नाही तर प्रकाशक पुस्तक काढणार नव्हते, तसं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. आपलं नाव छापलेलं एक पुस्तक असावं, निळ्या रंगाचं, एवढी एकच हौस त्या माणसाला होती. निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते. "बघू," ते म्हणाले. पुढचं वाऱ्याचं मात्र त्या दिवशी म्हणाले नाहीत.

तेव्हापासून सर कादंबरी लिहीत नव्हते, रघूला धरून ठेवत होते. भादव्यातली अमावास्या पित्रांची. रघूनं बापाचं पान वाढलं तर कावळा शिवेना. किनाऱ्यावर सगळे बसून राहिले, आणि रघूनं 'आज जात नाही' असं कबूल केल्यावर कावळा शिवला. पुढची अमावास्या दिवाळीची. लक्ष्मी घरात यायच्या वेळी नाव दाराबाहेर काढायची म्हणजे अवदसाच. मधल्या नवरात्रात चष्मेवाल्यानं गाठू नये म्हणून सरांनी रघूला कोकणातून थेट माहूरला धाडला, रेणुकामातेच्या दर्शनाला, एसटीनं. शेखमामूंनी कुठली गाडी कुठं बदलायची ते वहीत लिहून दिलं होतं, त्यामुळं तेवढा प्रवास कादंबरीत अगदी अचूक झाला. दर वेळी माधव ऐकायचा, मान डोलवायचा आणि त्या अमावास्येला घरी राहायचा. त्याला बोलावणारा माणूस दर वेळी चिडायचा आणि पुढची अमावास्या सांगायचा. प्रकाशकांचा फोन आला, "सर, तीन प्रकरणं झाली, हा अजून किनाऱ्यावरच." मामूसुद्धा कंटाळले. "सर, ये रघू निकलता कब है?"

आणि मग आली कार्तिकातली अमावास्या.

स्टाफरूमच्या भिंतीवरची दिनदर्शिका सरांनी खाली काढली, पुढची-मागची पानं चाळली, उन्हात धरून पाहिली. "मॅडम, कार्तिकातल्या अवसेला काहीच कसं न्हाई हो? त्याच्या पुढच्या अवसेला येळवस हाय, सगळं गाव शेतात जेवायला जातंय, तिथं चिंता न्हाई. पर ही एकच रिकामी." मी म्हटलं, सर, कादंबरीच आहे, एखादा सण तयार करा. ते इतके दुखावले की मला वाईट वाटलं. "सण खोटा लिहायचा?" ते म्हणाले. "कादंबरी झाली मनून काय झालं?"

त्या शनिवारी त्यांनी मोंढ्यात काहीच वाचलं नाही. पुरवण्या मांडीवर घेऊन बसले. माधव चहा न घेताच उठला. जाताना एवढंच म्हणाला, "कळलं, सर."

अमावास्येच्या दिवशी सरांनी अर्धी रजा टाकली आणि मफलर बांधून सरळ मोंढ्यात गेले. मला राहवेना, मीही रजा टाकून मागोमाग गेले. माधव टेंपो पुसत होता. सर पुढच्या सीटवर चढून बसले. "चल," म्हणाले, "मीबी येतो. गुन्हा कसा करतात ते एकदा बघितल्याबगर मला लिहिता येत न्हाई."

माधव हात जोडून विनवण्या करत होता, तोवर सुशीलाबाई पिशवी घेऊन आल्या. गाडी देगलूरला चाललीच आहे तर त्यांना बहिणीकडे पापड पोचवायचे होते. त्यांच्याबरोबर शेजारच्या दोघी, कारण गाडी चाललीच आहे. म्हाताऱ्या हमालाला मुखेडला लेकीकडे जायचं होतं. कुणीतरी तुरीचं एक पोतं ठेवलं, कुणीतरी शिवणमशीन. शेखमामू मागच्या फळीला लटकले आणि सवयीनं ओरडले, "मुखेड, देगलूर! चला, चला, पुढं सरका!" ते ओरडल्यावर जी माणसं धावत आली ती कोण होती ते आजतागायत कळलेलं नाही. मी म्हटलं, माझी मावशी देगलूरला असते. माझी मावशी परभणीला असते. पण आमच्या भागात गाडीत जागा नाही असं म्हणायला अजून कुणी शिकलेलं नाही, आणि माधवही त्याच मातीतला. गपगुमान त्यानं गाडी सुरू केली.

मुखेडला दोन उतरले, पाच चढले. देगलूरला पापड उतरले, सुशीलाबाई उतरल्या नाहीत. "एवढं आलोय तर पुढचंबी बघून येऊ," म्हणाल्या. दिवस मावळायच्या आत आम्ही सीमेजवळच्या एका धाब्यामागे पोचलो. तिथं ताडपत्रीखाली खोकी रचलेली आणि शेजारी एक माणूस उभा. त्याच्या डोळ्यांवर खरोखरच काळा चष्मा होता. टेंपोतून एकामागून एक उतरणाऱ्या बाया बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं. त्यानं माधवला विचारलं, "ये क्या है रे? लग्न हाय काय कुनाचं?"

सर पुढं झाले. नमस्कार केला. "मी कानगुले. भूगोल शिकवतो. तुमच्यावर कादंबरी लिहून राहिलोय."

माणूस दोन पावलं मागं सरला. "माझ्यावर? काहून? माझं नाव घातलं का त्याच्यात?"

"नाव न्हाई घातलं," सर म्हणाले. "काळा चष्मा घातलाय फक्त."

त्यानं हळूच चष्मा काढला आणि खिशात टाकला. तोवर सुशीलाबाईंनी धपाटे सोडले होते. "खाऊन घ्या, दादा. कव्हाचे उभे हाव उन्हात." तो नको नको म्हणत होता, मग उकिडवा बसून खाऊ लागला. मामूंनी खोकी बघितली, टेंपो बघितला, तूर, शिवणमशीन आणि माणसं बघितली आणि फैसला दिला, "मियाँ, जागाच न्हाई. पुढच्या गाडीनं पाठवा." माणसानं धपाटा संपवला, हात धुतले आणि खोक्यांवरची ताडपत्री नीट ओढून घेतली. निघताना सरांना एकीकडे घेऊन हळूच विचारलं, "मग शेवटी त्यो जातो का?" त्याचा फोन माधवला पुन्हा आला नाही.

सरांनी हे सगळं तसंच्या तसं कादंबरीत घातलं. रघूच्या नावेवर ऐन वेळी अर्धा गाव चढतो, पापड, तूर आणि शिवणमशीन घेऊन. प्रकाशकांनी विचारलं, "समुद्रावर एवढी माणसं आली कुठून?" सर म्हणाले, "रघूचीच हाएत की."

पुढं मी नांदेडला बदली करून घेतली. सर गेले त्यालाही आता दोन पावसाळे झाले. पुस्तक निघालं नाही. मला त्याचं आजही वाईट वाटतं, खरंच वाईट वाटतं, कारण ते निळं पुस्तक त्यांच्या हातात बघायची मलाही हौस होती. पण ते का निघालं नाही, हे मी त्यांना शेवटचं पाहिलं त्या दिवशी माझ्यासमोरच ठरलं.

तो त्यांच्या निरोपसमारंभाचा दिवस होता. भाषणं संपली होती. शाळेनं दिलेली आरामखुर्ची माधव फाटकाशी टेंपोत चढवून दोरीनं बांधत होता. त्याच आठवड्यात उदगीरकडचा दुसरा एक माणूस तसल्याच खोक्यांचं काम घेऊन माधवला भेटून गेला होता. हे त्यानं सरांना सांगितलं होतं आणि सरांनी मला. आम्ही व्हरांड्यात उभे होतो तेव्हा फोन वाजला. प्रकाशक होते, आणि या वेळी आवाजात माया होती.

"सर, हट्ट सोडा. भाषा सुंदर आहे, माणसं सुंदर आहेत. एकच प्रकरण बदला. त्याला एकदा जाऊ द्या. मग पुढच्या प्रकरणात पश्चात्ताप दाखवा, पकडून द्या, काय वाटेल ते करा. तुम्ही हो म्हणा, मी उद्या छपाईला देतो."

गळ्यातला हार सरांनी काढून खिडकीच्या गजाला अडकवला. ते फाटकाकडे बघत होते. माधवनं खुर्चीची गाठ आवळली, हलवून बघितली आणि आमच्याकडे मान वर केली.

"साहेब," सर म्हणाले, "तुमचा पश्चात्ताप पुढच्या प्रकरणात येतोय. ह्यो ह्याच प्रकरणावर उठून जातोय."

"कोण?" प्रकाशकांनी विचारलं.

सरांनी फोन बंद केला. पुरवण्यांचा गठ्ठा काखेत मारला आणि मला म्हणाले, "येतो, मॅडम. एक नवं प्रकरण झालंय, अजून अर्धंच हाय." फाटकापर्यंत ते भरभर चालत गेले आणि पुढच्या सीटवर माधवशेजारी चढून बसले. त्यांचं घर उजवीकडे होतं. टेंपो डावीकडे, मोंढ्याकडे वळला.